‘सुधारणांना भारताचा पाठिंबा’ म्हणजे नेमका कशाला? संयुक्त राष्ट्रसंघाची सनद, सोलापूरच्या वार्षिक सभेच्या भाषेत

सप्टेंबर हा सोलापुरात वार्षिक सभांचा महिना. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, प्रत्येक सहकारी संस्थेला सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. सूतगिरणी, पतसंस्था, साखर कारखाना, विडी कामगारांची गृहनिर्माण संस्था अशा सगळ्यांच्या नोटिसा याच दिवसांत वर्तमानपत्रात येतात. याच सुमारास एक बातमीही दरवर्षी वाचायला मिळते: संयुक्त राष्ट्रसंघातील सुधारणांना भारताचा पाठिंबा. न्यूयॉर्कमध्येही तेव्हा हाच हंगाम असतो. १९३ देशांच्या आमसभेचे नवे अधिवेशन सप्टेंबरात सुरू होते आणि देशोदेशीचे नेते तिथे भाषणे करतात.

सुधारणा हव्यात असे जवळपास सगळेच म्हणतात. अमेरिका म्हणते, रशिया म्हणतो, आफ्रिका म्हणते, पाकिस्तानही म्हणतो. तरीही काही बदलत नाही. याचे कारण ‘सुधारणा’ या एका शब्दाखाली निदान चार वेगवेगळे व्यवहार दडलेले आहेत आणि प्रत्येकाची मंजुरीची वाट वेगळी आहे. सहकारी संस्थेचा सभासद असलेल्या कुणालाही हे समजायला अवघड जाऊ नये. लिपिक बदलायला संचालक मंडळाचा ठराव पुरतो, अंदाजपत्रकाला सभेची मंजुरी लागते, आणि उपविधी, म्हणजे संस्थेचा स्वतःचा नियम, बदलायची तर हजर राहून मत देणाऱ्या सभासदांपैकी दोन तृतीयांश लागतात, वर निबंधकाची मंजुरी. संयुक्त राष्ट्रसंघातही अशाच पायऱ्या आहेत. फरक इतकाच की तिथे शेवटच्या पायरीवर निबंधकाच्या जागी पाच सभासद बसले आहेत, आणि उपविधी नेमकी त्यांच्याच अधिकाराबद्दलची आहे.

सभा कोणाची, मंडळ कोणाचे

आमसभा म्हणजे सर्वसाधारण सभा. एक देश, एक मत. भारताचे एक, मालदीवचेही एक. अंदाजपत्रक मंजूर करणे, वर्गणीचे प्रमाण ठरवणे, निवडणुका घेणे ही तिची कामे. शांतता आणि युद्ध या विषयांवर ती ठराव करू शकते, पण ते सभासदांवर बंधनकारक नसतात. बंधनकारक निर्णय घेते ती सुरक्षा परिषद: निर्बंध लादणे, शांतिसेना पाठवणे, बळाच्या वापराला परवानगी देणे. हे १५ जणांचे संचालक मंडळ. त्यातले पाच कायमचे: अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स. उरलेले दहा दोन वर्षांसाठी निवडून येतात, दरवर्षी पाच. मुदत संपलेल्याला लगेच पुन्हा उभे राहता येत नाही. दहा जागांची वाटणीही ठरलेली आहे: आफ्रिकेला तीन, आशिया-प्रशांत गटाला दोन, लॅटिन अमेरिका व कॅरिबियनला दोन, पश्चिम युरोप आणि इतरांना दोन, पूर्व युरोपला एक.

भारत या दहांत आठ वेळा बसला आहे. पहिली मुदत १९५०-५१ ची, शेवटची २०२१-२२ ची. जून २०२० च्या निवडणुकीत १९२ पैकी १८४ मते भारताला मिळाली. म्हणजे निवडून येण्याची अडचण भारताला नाही. अडचण अशी की आशिया-प्रशांत गटाच्या वाट्याला दरवर्षी एकच जागा येते आणि पन्नासहून अधिक देश तिच्यासाठी रांगेत असतात.

हे पाच कायमचे कसे झाले? २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सनदेवर सह्या झाल्या. महायुद्ध जिंकणाऱ्यांनी मंडळ बांधले आणि स्वतःला त्यात कायम जागा दिल्या. संस्थापक सभासद ५१ होते आणि त्यांत भारत होता, पण तो पारतंत्र्यातला भारत. भारताच्या वतीने सर ए. रामस्वामी मुदलियार यांनी सही केली, ती ब्रिटिश राजवटीने नेमलेल्या शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून. याच राजवटीने मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला होता आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिले होते. ‘१९४५ ची रचना आज अन्यायाची आहे’ असे भारतीय प्रतिनिधी म्हणतात तेव्हा त्यामागे हा अर्थ असतो. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्या शहराला तो वेगळा समजावून सांगावा लागू नये. आफ्रिकेचे तर त्या ५१ मध्ये चारच देश होते: इजिप्त, इथिओपिया, लायबेरिया आणि दक्षिण आफ्रिका. आज आफ्रिकेचे ५४ सभासद आहेत आणि कायम जागा एकही नाही.

नऊ मते आणि एक नकार

सुरक्षा परिषदेत ठराव मंजूर व्हायला १५ पैकी नऊ मते लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी कुणीही विरोधात मत दिलेले चालत नाही. हाच नकाराधिकार. इथे तीन बारकावे आहेत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलेही इथेच चुकतात, म्हणून ते जरा सावकाश पाहू.

पहिला: मताधिक्य असूनही ठराव पडतो. आपल्या शेजारच्या गोव्याचे उदाहरण घ्या. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले तेव्हा भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव परिषदेत आला. तेव्हा परिषद ११ जणांची होती आणि सात मते पुरत होती. ठरावाला बरोबर सात मते पडली, विरोधात चार. पण त्या चारांत सोव्हिएत संघ होता, म्हणून ठराव बाद झाला. १९७१ च्या डिसेंबरातही बांगलादेश युद्धाच्या वेळी सोव्हिएत नकाराधिकारच भारताच्या कामी आला. भारत या अधिकारावर टीका करतो हे खरे, पण त्याचा फायदाही भारताने अनुभवला आहे. दोन्ही गोष्टी ठाऊक असल्याशिवाय भारताची भूमिका नीट समजत नाही.

दुसरा: तटस्थ राहणे म्हणजे नकार नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये लाल समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांकडून जहाजांवर होणाऱ्या हल्ल्यांविरुद्धचा ठराव क्रमांक २७२२ मंजूर झाला, ११ विरुद्ध शून्य मतांनी. चार देश तटस्थ होते आणि त्यांत रशिया व चीन होते. त्यांना तो आवडला नव्हता, पण त्यांनी तो अडवला नाही. तरी हल्ले थांबले नाहीत. जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली, युरोपच्या फेरीला दहा ते चौदा दिवस वाढले आणि कंटेनरचे भाडे चढले. अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखानदाराला आणि सांगोला-पंढरपूरच्या डाळिंब-द्राक्ष उत्पादकाला युरोपकडे माल पाठवताना या परिषदेचा संबंध येतो तो असा. त्या मतदानाच्या वेळी भारत परिषदेत नव्हता. त्याची मुदत वर्षभरापूर्वीच संपली होती. स्वतःच्या हिताचा विषय असेल तर बाहेरच्या देशाला चर्चेला बोलावता येते, पण मत देता येत नाही.

तिसरा: कामकाजाच्या पद्धतीच्या विषयात नकाराधिकार चालतच नाही. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवरचा ठराव रशियाने अडवला. दोनच दिवसांनी ‘हा विषय आमसभेच्या तातडीच्या विशेष अधिवेशनाकडे पाठवा’ असा ठराव आला आणि रशियाचे मत विरोधात असूनही तो ११ मतांनी मंजूर झाला, कारण तो पद्धतीचा विषय होता. या दोन्ही वेळा भारत तटस्थ होता.

नकाराधिकार काढून घेता येत नाही, पण वापरणाऱ्याला जाब देणे भाग पाडता येते. एप्रिल २०२२ मध्ये लिक्टेनस्टाइन या चिमुकल्या देशाच्या पुढाकाराने आमसभेने ठराव केला की कुणीही नकाराधिकार वापरला तर दहा कामकाजी दिवसांत आमसभा भरेल आणि त्यावर चर्चा होईल. युक्रेनवरून रशियाला आणि गाझावरून अमेरिकेला तेव्हापासून अनेकदा या चर्चेला सामोरे जावे लागले आहे. यासाठी सनदेचे एक अक्षरही बदलावे लागले नाही.

सनद बदलायची तर

कायम जागा वाढवायच्या तर मात्र सनदच बदलावी लागते. कलम १०८ प्रमाणे दोन टप्पे आहेत. आधी आमसभेच्या एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांशांनी दुरुस्ती स्वीकारायची. १९३ चे दोन तृतीयांश म्हणजे १२९. इथे हजर राहून मत देणाऱ्यांचे प्रमाण चालत नाही. गैरहजर आणि तटस्थ देशांचा परिणाम विरोधी मतासारखाच होतो. मग दुसरा टप्पा: १२९ देशांनी आपापल्या देशातल्या रीतीप्रमाणे, बहुतेक ठिकाणी संसदेतून, त्या दुरुस्तीला अनुमोदन द्यायचे, आणि या १२९ मध्ये पाचही कायम सदस्य असलेच पाहिजेत.

दुसऱ्या टप्प्याची भीती दाखवून लोक म्हणतात, ‘चीन असताना हे होणेच नाही.’ पण परिषद वाढवण्याची दुरुस्ती इतिहासात एकदा झाली आहे. १७ डिसेंबर १९६३ रोजी आमसभेने परिषद ११ वरून १५ करण्याची दुरुस्ती ९७ विरुद्ध ११ मतांनी स्वीकारली. त्या दिवशी पाच बड्यांपैकी फक्त चीनचे, म्हणजे तेव्हा ती जागा सांभाळणाऱ्या तैपेईच्या (तैवानमधल्या) सरकारचे, मत बाजूने होते. सोव्हिएत संघ आणि फ्रान्स यांनी विरोध केला, अमेरिका आणि ब्रिटन तटस्थ राहिले. पुढच्या पावणेदोन वर्षांत मात्र पाचही जणांनी अनुमोदन दिले आणि ३१ ऑगस्ट १९६५ रोजी दुरुस्ती लागू झाली. नव्याने स्वतंत्र झालेल्या आशिया-आफ्रिकेच्या इतक्या देशांना एकट्याने अडवल्याचा ठपका कुणालाच नको होता. आमच्या मते या सबंध विषयातली सर्वात महत्त्वाची घटना हीच. बड्यांची संमती आधी मिळवावी लागते असे नाही. आधी कागद आणि मते जमली की बड्यांवर दबाव येतो.

सनद बदलणे किती जड आहे याचा पुरावा सनदेतच वाचायला मिळतो. कलम २३ मध्ये आजही ‘चीनचे प्रजासत्ताक’ आणि ‘सोव्हिएत समाजवादी प्रजासत्ताक संघ’ हीच नावे छापलेली आहेत. १९७१ मध्ये चीनची जागा बीजिंगकडे गेली, १९९१ मध्ये सोव्हिएत संघाची जागा रशियाने घेतली, पण मजकूर तसाच राहिला. विश्वस्त मंडळाचे काम १९९४ मध्ये संपले, तरी त्याचे प्रकरण सनदेत आहेच.

गाडी अडते कुठे

परिषदेतील प्रतिनिधित्वाचा विषय आमसभेच्या विषयपत्रिकेवर १९७९ मध्ये आला, भारत आणि काही मित्रदेशांच्या मागणीवरून. १९९३ मध्ये त्यासाठी कार्यगट नेमला गेला. १९९७ मध्ये आमसभेचे तेव्हाचे अध्यक्ष, मलेशियाचे रझाली इस्माईल यांनी एक नेमका आराखडा मांडला: पाच नवे कायम सदस्य, त्यांना नकाराधिकार नाही, चार नवे निवडून येणारे, एकूण २४. तो मतदानापर्यंत पोहोचला नाही. २००५ मध्ये भारत, ब्राझील, जर्मनी आणि जपान या चौघांनी, म्हणजे जी-४ गटाने, आपला मसुदा ठेवला: सहा नव्या कायम जागा, चार निवडणुकीच्या, एकूण २५. त्यावरही मतदान झाले नाही.

का, ते आकड्यांतून पाहू. आफ्रिकी संघाने २००५ मध्येच आपली मागणी ठरवली होती: दोन कायम जागा नकाराधिकारासह, आणि आणखी दोन निवडणुकीच्या जागा. जी-४ ने मसुद्यात नकाराधिकार पुढे ढकलला. आफ्रिकेला तो हवाच होता. तडजोड झाली नाही. आजच्या हिशेबाने आफ्रिकेची ५४ मते बाजूला काढली तर १३९ उरतात आणि लागतात १२९. म्हणजे उरलेल्यांपैकी अकरा देश फिरले की मसुदा कोसळला. आणि विरोधक अकराहून बरेच जास्त आहेत. ‘सहमतीसाठी एकत्र’ नावाच्या गटात इटली, पाकिस्तान, दक्षिण कोरिया, मेक्सिको, अर्जेंटिना, कॅनडा, स्पेन, तुर्कस्तान असे देश आहेत. नवी कायम जागा कुणालाच नको, जास्त मुदतीच्या आणि पुन्हा निवडून येता येईल अशा जागा द्या, असे ते म्हणतात. यात शेजाऱ्याबद्दलची कुरकुर आहे हे उघड आहे. इटलीला जर्मनी खुपतो, पाकिस्तानला भारत. तरी त्यांचा एक मुद्दा दुर्लक्षून चालणार नाही: जी जागा कायम झाली तिला पुन्हा कधीच मतदाराकडे जावे लागत नाही.

२००९ पासून हा विषय ‘आंतरसरकारी वाटाघाटी’ नावाच्या बैठकांत चालतो. पाच मुद्दे आहेत: सदस्यत्वाचे प्रकार, नकाराधिकार, प्रादेशिक प्रतिनिधित्व, परिषदेचा आकार व कामाची पद्धत, आणि परिषद-आमसभा संबंध. साधारण जानेवारीत बैठका सुरू होतात, जूनपर्यंत चालतात. प्रत्येक गट आपले निवेदन वाचतो. आणि मग अधिवेशन संपताना आमसभा छोटासा निर्णय घेते: चर्चा पुढच्या अधिवेशनात चालू ठेवावी.

बिघाड इथे आहे. या बैठकांसमोर एकच असा मसुदा नाही. सहकारी संस्थेत उपविधी दुरुस्तीची नोटीस निघते तेव्हा सध्याचा मजकूर, सुचवलेला मजकूर आणि कारण असे तीन रकाने छापलेले असतात. सभासद त्या मजकुरावर बोट ठेवून बोलतात, सूचना देतात, हात वर करतात. समोर मजकूरच नसेल तर सभा कितीही वर्षे बोलत राहील. सप्टेंबर २०१५ मध्ये देशांची मते एकत्र मांडणारा एक दस्तऐवज पुढच्या अधिवेशनाकडे पाठवला गेला. भारताने तेव्हा त्याचे मोठे स्वागत केले होते, पण त्यावर ओळीओळीने वाटाघाट झाली नाही. अडवणाऱ्यांचे हत्यार एक वाक्य आहे: सगळ्यांवर सहमती होत नाही तोवर कशावरच सहमती नाही. हा नियम सनदेत कुठेही नाही. सनदेला १२९ पुरतात.

२२ सप्टेंबर २०२४ रोजी जगातल्या नेत्यांनी ‘भविष्यासाठीचा करार’ स्वीकारला. परिषद अधिक प्रातिनिधिक करू आणि आफ्रिकेवरचा ऐतिहासिक अन्याय प्राधान्याने दूर करू, असे त्यात लिहिले आहे. शब्द चांगले आहेत. त्यात तारीख नाही आणि मसुदाही नाही.

भारत नेमका कशाला पाठिंबा देतो

कायम आणि निवडणुकीच्या, दोन्ही प्रकारच्या जागा वाढाव्यात. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेला कायम जागा मिळाव्यात. वाटाघाटी लिखित मसुद्यावर आणि मुदत घालून व्हाव्यात. नकाराधिकाराबाबत जी-४ ची तयारी अशी की नवे कायम सदस्य तो लगेच वापरणार नाहीत, पंधरा वर्षांनी आढावा घेऊन ठरवावे. ही तडजोड शहाणपणाची आहे असे आम्हाला वाटते. दहा-अकरा नकार असलेली परिषद आजच्यापेक्षा जास्त अडेल, आणि नकाराधिकारावर अडून बसल्यास पाच बड्यांचे अनुमोदन मिळणे दूरच राहील.

अमेरिका, रशिया, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी भारताच्या कायम जागेला वेगवेगळ्या वेळी जाहीर पाठिंबा दिला आहे. बराक ओबामांनी तो नोव्हेंबर २०१० मध्ये भारताच्या संसदेत बोलून दाखवला. चीनने तसा स्पष्ट शब्द दिलेला नाही. सोलापूरला याची बोच जरा जास्तच लागते. इथे जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि जखमी सैनिकांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. चीनमध्ये आजही त्यांना मानतात. पण परिषदेतली जागा अशा कृतज्ञतेवर मिळत नाही. चारही मित्रांचे शब्द दुसऱ्या टप्प्यात कामाला येतील. भारताची खरी कसोटी पहिल्या टप्प्यातल्या १२९ मतांची आहे, आणि तिची किल्ली आफ्रिकेकडे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत आफ्रिकी संघाला जी-२० मध्ये घेतले गेले, ते या दृष्टीने कायम जागेवरच्या शंभर भाषणांपेक्षा उपयोगी पाऊल होते.

सैनिक एकाचे, लेखणी दुसऱ्याची

कायम जागेच्या बातमीत दुसरी सुधारणा झाकली जाते. भारताच्या दृष्टीने ती तातडीची आहे आणि तिला सनदही बदलावी लागत नाही. शांतिसेनेत आजवर २,९०,००० हून अधिक भारतीय गेले, ५० हून अधिक मोहिमांत. सुमारे १८० परत आले नाहीत. काँगोत १९६१ मध्ये कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. २००७ मध्ये लायबेरियात गेलेली भारतीय महिला पोलिसांची तुकडी ही जगातली तशी पहिली तुकडी.

या मोहिमांचा आदेश, म्हणजे काय करायचे, गोळी कधी चालवायची, कुणाचे रक्षण करायचे, हे सुरक्षा परिषद ठरवते. मसुदा लिहिणाऱ्या देशाला तिथे ‘पेनहोल्डर’ म्हणतात आणि ही लेखणी बहुतेक वेळा अमेरिका, ब्रिटन किंवा फ्रान्सच्या हातात असते. सैनिक येतात भारत, बांगलादेश, नेपाळ, रवांडा, पाकिस्तानातून. सैनिक देणाऱ्यांशी आधी सल्लामसलत व्हावी असा ठराव परिषदेने २००१ मध्येच केला आहे, पण बैठक अनेकदा मसुदा जवळपास ठरल्यावर बोलावली जाते. परिणाम असा की विस्तीर्ण टापूत नागरिकांचे रक्षण करा असा आदेश येतो, आणि हेलिकॉप्टर, रस्ते, गुप्तवार्ता यांची तरतूद मात्र तोकडी असते. भारत दोन गोष्टी मागतो: आदेश लिहितानाच सैनिक देणाऱ्यांना बसवा, आणि शांतिसैनिकांवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षा करा. दुसऱ्या मागणीचा ठराव क्रमांक २५८९ ऑगस्ट २०२१ मध्ये भारत परिषदेचा अध्यक्ष असताना मंजूर झाला.

सैनिक पाठवणाऱ्या देशाला संयुक्त राष्ट्रसंघ डोक्यामागे दरमहा परतावा देतो. २०१८ मध्ये तो दर १४२८ डॉलर ठरला. मोठ्या देशांची वर्गणी थकली की हा परतावाही थकतो. म्हणजे श्रीमंताची उधारी गरीब देशाचे लष्कर सोसते.

एका ठिकाणी मात्र सैनिक दिल्याबद्दल जागा मिळते. २००५ मध्ये स्थापन झालेल्या शांतता उभारणी आयोगाच्या ३१ जागांपैकी पाच जागा सर्वाधिक सैनिक व पोलीस देणाऱ्या पहिल्या दहा देशांपैकी पाचांना, आणि पाच जागा सर्वाधिक पैसा देणाऱ्या पहिल्या दहांपैकी पाचांना आहेत. उरलेल्या २१ सुरक्षा परिषद, आर्थिक व सामाजिक परिषद आणि आमसभेतून सात-सात. आयोगाला फक्त सल्ला देता येतो, हुकूम देता येत नाही. तरी जागावाटपाचे हे सूत्र पुढच्या वाटाघाटीत कामाला येण्यासारखे आहे.

विकासाची बाजू आणि तिजोरी

तिसरी सुधारणा विकासकामाची, आणि ती प्रत्यक्षात झाली आहे. एकाच देशात युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम (यूएनडीपी) अशा कितीतरी संस्था काम करतात आणि प्रत्येकीचा हिशेब वेगळा असतो. १ जानेवारी २०१९ पासून प्रत्येक देशातला निवासी समन्वयक विकास कार्यक्रमापासून वेगळा करून थेट सरचिटणिसांच्या यंत्रणेला जोडला गेला. त्याच्या खर्चासाठी, विशिष्ट कामालाच बांधून दिलेल्या देणग्यांवर एक टक्का आकार लावला गेला. बाकी भार मुख्यतः ऐच्छिक वर्गणीवर आणि संस्थांच्या वाट्यावर आहे. ऐच्छिक म्हटले की तूट येतेच, आणि ती इथेही येते. भारताने याला पाठिंबा दिला तो एका अटीवर: कामाचा प्राधान्यक्रम ज्या देशात काम आहे त्या देशाच्या सरकारने ठरवावा, देणगीदाराने नव्हे. भारताने स्वतः २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाबरोबर विकास भागीदारी निधी सुरू केला, आधी १० कोटी डॉलरचा आणि मग राष्ट्रकुलातल्या देशांसाठी आणखी ५ कोटींचा. छोट्या बेटांच्या आणि मागास देशांच्या, त्यांनीच निवडलेल्या प्रकल्पांना तो जातो.

चौथी सुधारणा तिजोरीची. नियमित अंदाजपत्रकात अमेरिकेचा वाटा २२ टक्के, चीनचा आता सुमारे २० टक्के, भारताचा एक टक्क्याच्या आसपास. वर्गणी ठरते देशाच्या उत्पन्नावर, दरडोई उत्पन्न कमी असेल तर सूट मिळते. दोन वर्षांच्या वर्गणीइतकी थकबाकी झाली तर कलम १९ प्रमाणे आमसभेतले मत जाते. म्हणून मोठे थकबाकीदार त्या रेषेच्या अलीकडे राहतील इतकेच भरतात. आणखी एक नियम तर कोणत्याही पतसंस्थेच्या लेखापरीक्षकाला पटणार नाही: वर्षअखेर न खर्चलेली रक्कम सभासदांच्या पुढच्या वर्गणीतून वजा करावी लागते, मग तो खर्च वर्गणी आलीच नाही म्हणून थांबलेला असला तरी. त्यामुळे रोकड आणखी आटते. मार्च २०२५ मध्ये सरचिटणीस अंतोनियो गुटेरेस यांनी काटकसरीची आणि फेररचनेची ‘यूएन ८०’ मोहीम सुरू केली त्यामागे ही चणचण आहे. काटकसर हवी, पण ती विकासाच्या कामाला कात्री लावून होऊ नये, कारण तिथे कात्री लागली की लसीकरण आणि अन्नवाटप आधी थांबते.

पुढच्या सप्टेंबरात बातमी पुन्हा येईल तेव्हा ती या चार खान्यांत टाकून पाहा. शांतिसेनेचा आदेश किंवा परतावा असेल तर परिषदेत किंवा आमसभेच्या अंदाजपत्रक समितीत काय मंजूर झाले ते शोधा. विकास यंत्रणा असेल तर पैसा नियमित अंदाजपत्रकातून येणार की ऐच्छिक वर्गणीतून, ते पाहा. आणि कायम जागा असेल तर किती देशांनी पाठिंबा दिला हे मोजण्याआधी बातमीत एखाद्या मसुद्याचा क्रमांक आहे का ते पाहा. तो नसेल तर मोजायला अजून काही आलेलेच नाही. तोवर भारताची वाट निवडणुकीची आहे. २०२८-२९ च्या मुदतीसाठी भारताने उमेदवारी जाहीर केली आहे. त्या निवडणुकीत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मते लागतात, आणि पाच बड्यांच्या मताला तिथे इतर कुणाच्याही मताइतकेच वजन असते.